लॅपटॉपची फुटलेली स्क्रीन घरी बदलता येते का? येते, पण बॅटरीचा कनेक्टर आधी काढणार असाल तरच

तुम्ही विचारलंय: १५.६ इंची लॅपटॉपच्या कीबोर्डवर पेन राहिलं, झाकण मिटलं आणि स्क्रीनला तडा गेला. दुकानदार म्हणतो घरी हात लावू नका, मदरबोर्ड जाईल. व्हिडिओवाले म्हणतात दहा मिनिटांचं काम. खरं काय, आणि खर्च किती?

दोघंही अर्धंच सांगतायत. पहिल्यांदाच करणार असाल तर दहा मिनिटं विसरा, दीड-दोन तास हाताशी ठेवा. मदरबोर्ड जातो हेही खरं आहे, पण तो घरी उघडल्यामुळे जात नाही. बॅटरी जोडलेली ठेवून स्क्रीनची केबल ओढली की जातो, आणि हा उद्योग दुकानांतही सर्रास चालतो. मी लॅपटॉप दुरुस्त करतो; माझ्याच कामाच्या बाकावर शेजारी बसणारा एक जण शेवटपर्यंत म्हणायचा, "लॅपटॉप बंद आहे ना? मग करंट येणार कुठून?" तुमचा प्रश्न वाचला आणि तेच वाक्य आठवलं, म्हणून आधी त्याचं उत्तर देतो.

स्क्रीनच्या केबलमधून दोन वेगळे पुरवठे जातात. एक ३.३ व्होल्टचा, पॅनलच्या (म्हणजे झाकणातल्या स्क्रीनच्या सुट्या भागाच्या) सर्किटसाठी. तो लॅपटॉप चालू झाल्यावरच येतो. दुसरा बॅकलाइटचा, म्हणजे चित्रामागून उजेड देणाऱ्या दिव्यांचा, आणि तो सरळ मुख्य लाइनवरून येतो: ॲडाप्टर असेल तर साधारण १९ व्होल्ट, नसेल तर बॅटरीचं जे असेल ते. बऱ्याच बोर्डांवर या लाइनच्या वाटेत तांदळाच्या कणीपेक्षा लहान असा एक फ्यूज सोडला तर काही नसतं. पॉवर बटणाचा त्याच्याशी संबंध नाही. लॅपटॉप बंद, बॅटरी आत, म्हणजे कनेक्टरवर व्होल्टेज उभं. ईडीपी म्हणजे आजच्या लॅपटॉपमध्ये बोर्डापासून स्क्रीनपर्यंत चित्र नेणारी जोडणी; तिच्या ३० पिनांच्या कनेक्टरमध्ये बॅकलाइटच्या या पिना २६ ते २९, म्हणजे एका टोकाला. केबलच्या प्लगचं पत्र्याचं कवच ग्राउंडला जोडलेलं. प्लग तिरपा ओढला किंवा तिरपा घातला की नेमकं ते टोक कवचाला टेकतं. ठिणगी दिसतही नाही, पण फ्यूज गेलेला असतो.

पुढे काय होतं ते एका मशीनवरून सांगतो. तक्रार होती "नवी स्क्रीन डेड आली". पॅनल बदलून दुसरं लावलं, तेही डेड. खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरपा टॉर्च मारला तर लॉगिनचं पान अंधुक दिसत होतं. म्हणजे चित्र येतंय, उजेड नाही. पॅनल दोन्ही ठणठणीत. मीटर लावला: फ्यूजच्या एका बाजूला १९, दुसऱ्या बाजूला शून्य. आमच्या त्या विद्वानाने फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा एक धागा डकवला. स्क्रीन लागली, गिऱ्हाईक खूश. थोड्याच दिवसांत तेच मशीन परत, या वेळी जळका वास घेऊन. बिजागरीजवळ केबल चिमटली होती, वरचं आवरण सोललं होतं, आणि तोडायला फ्यूजच शिल्लक नव्हता. बोर्डावरच्या कनेक्टरचं टोक कोळसा झालेलं. फ्यूज जातो तो बाकीचं वाचावं म्हणून. त्याच्या जागी त्याच रेटिंगचा फ्यूजच लागतो. तार नाही, कथलाचा थेंबही नाही. त्यावर याचं म्हणणं, "पण चालली की नाही?"

असो. आता काम.

पहिली चूक ऑर्डर देतानाच होते. लॅपटॉपच्या मॉडेलवरून स्क्रीन मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये कंपनी दोन-तीन वेगवेगळ्या उत्पादकांची पॅनलं वापरते. आधी उघडा, पॅनलच्या पाठीवरचं स्टिकर बघा, फोटो काढा, मग मागवा. नंबर असा दिसेल: एनव्ही१५६एफएचएम-एन४८, किंवा बी१५६एचएएन०२.१, किंवा एलपी१५६डब्ल्यूएफ६. यातलं १५६ म्हणजे १५.६ इंच. बीओई, एयूओ आणि एलजी या पॅनल बनवणाऱ्या कंपन्या. बीओईच्या पॅनलवर 'डब्ल्यूएचएम' म्हणजे १३६६ बाय ७६८ (एचडी), 'एफएचएम' म्हणजे १९२० बाय १०८० (फुल एचडी). एयूओच्या पॅनलवर 'एक्सटीएन' हा साधा टीएन (बाजूने बघितलं की रंग फिके पडणारा स्वस्त प्रकार), 'एचएएन' म्हणजे फुल एचडी आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारा). एलजीवर 'डब्ल्यूएच' एचडी आणि 'डब्ल्यूएफ' फुल एचडी. दुसऱ्या कंपनीचं पॅनल चालतं, पण चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: रिझोल्यूशन, कनेक्टरच्या पिना, कनेक्टर कुठल्या कोपऱ्यात आहे ते, आणि कान.

कान म्हणजे पॅनलच्या कडेला स्क्रूसाठी असलेल्या पत्र्याच्या पट्ट्या. कानवालं १५.६ इंची पॅनल सुमारे ३६० मिलिमीटर रुंद असतं, बिनकानाचं ३५० च्या आसपास. नवीन बारीक कडांच्या लॅपटॉपमध्ये कानवालं बसणारच नाही. उलट केलंत, तर बसेल पण धरायला काही नसेल. पिनांचं म्हणाल तर साध्या ६० हर्ट्झला ३०. ४० पिना दिसल्या तर ते बहुधा टचवालं, १२०-१४४ हर्ट्झचं किंवा ४के पॅनल असतं. खूप जुन्या मशीनमध्ये ४० पिनांचा एलव्हीडीएस असतो, ती ईडीपीच्या आधीची जोडणी, प्रकारच निराळा. पिना ४० म्हणून एकाच्या जागी दुसरं लावायचं नाही.

"बदलतोच आहे तर एचडीची फुल एचडी करून घेतो" हे मी दर आठवड्याला ऐकतो. ३० पिनांच्या केबलमध्ये सगळ्या तारा भरलेल्या असतातच असं नाही. एचडी पॅनलचं काम एका डेटा लेनवर (चित्राची माहिती नेणाऱ्या तारांच्या एका जोडीवर) भागतं, म्हणून स्वस्त मॉडेलच्या केबलमध्ये कंपनी एकाच लेनच्या तारा घालते. फुल एचडीला दोन लेन लागतात. प्लग नीट बसेल, पण स्क्रीन काळीच राहील, आणि तुम्ही विक्रेत्याशी भांडत बसाल. त्याच मॉडेलच्या फुल एचडी प्रकाराची केबल मिळाली तरच या फंदात पडा.

हत्यारं फार लागत नाहीत. पीएच०० आणि पीएच० मापाचे बारीक फुलीचे स्क्रू ड्रायव्हर, गिटारचे दोन-तीन पिक किंवा जुनं एटीएम कार्ड, बोथट चिमटा, मऊ फडकं. घरातला सुरा नको, चपटा स्टीलचा स्क्रू ड्रायव्हरही नको. दोन्ही क्लिपा तोडतात आणि कडेला ओरखडे पाडतात. स्क्रूसाठी बर्फाचा ट्रे घ्या आणि कुठला कुठून काढला ते कागदावर चित्र काढून लिहा. खालच्या झाकणाचे स्क्रू बहुतेक वेळा दोन लांब्यांचे असतात. लांबडा छोट्याच्या जागी पिळलात की तो हातटेकणीला खालून फोड आणतो.

लॅपटॉप पूर्ण बंद करा; स्लीप किंवा हायबरनेट नाही. ॲडाप्टर काढा, खालचं झाकण उघडा, बॅटरीचा कनेक्टर बोर्डावरून सोडवा. तारा धरून ओढू नका, प्लग दोन्ही बाजूंनी नखाने सरकवा. मग पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून ठेवा, उरलासुरला चार्ज निघून जाईल. लेनोव्होच्या थिंकपॅडच्या बऱ्याच मॉडेलांत बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पानाच्या) पॉवर विभागात 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' असा पर्याय असतो. तो वापरला की ॲडाप्टर परत जोडेपर्यंत बॅटरी तुटलेली राहते आणि खालचं झाकण उघडावं लागत नाही. हा पर्याय सगळ्या कंपन्यांनी का देऊ नये, हे कोडं मला सुटलेलं नाही.

मग बेझल, म्हणजे स्क्रीनभोवतीची प्लॅस्टिकची चौकट. खालच्या कोपऱ्यांत रबराच्या टिकल्या असतील तर त्यांच्याखाली स्क्रू असतात, ते आधी. सुरुवात बाजूच्या कडांपासून करा, मग वरची, बिजागरीकडची शेवटी. पिक तीन-चार मिलिमीटरपेक्षा आत घालू नका, आत पॅनलची काच आहे. वर कॅमेऱ्याची बारीक केबल आणि वाय-फायच्या अँटेनाच्या तारा असतात. क्लिपांचा टकटक आवाज येणारच, त्याला घाबरू नका. खालची कड डबल टेपने चिकटवलेली असते, ती हेअर ड्रायरने थोडी कोमट करून उचला. काच फुटलेली असेल तर बेझलला हात लावण्याआधीच पुढून रुंद सेलोटेप लावून टाका, नाहीतर किरच्या कीबोर्डात जातात.

कानवालं पॅनल चार स्क्रूंनी सुटतं. बिनकानाचं मात्र दोन उभ्या ताणाच्या टेपांवर चिकटलेलं असतं, आणि माणसं अडकतात ती इथेच. टेपचं टोक सहसा खाली डाव्या-उजव्या बाजूला दिसतं. ते चिमट्यात धरायचं आणि पॅनलला जवळजवळ समांतर, सावकाश, न थांबता ओढायचं. शेवया ओढल्यासारखी ती लांबत लांबत बाहेर येते. वर उचलून ओढलीत की तुटली. तुटली तर पाठीमागून ड्रायरची ऊब द्या आणि दात साफ करायचा फ्लॉस टेपच्या जागी करवतीसारखा चालवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतू नका. जुनं पॅनल जाणारच आहे, पण नव्याच्या वेळी सवयीने तेच कराल, आणि ते कडेतून आतल्या थरांत झिरपलं की उजेडात कायमचा डाग दिसतो.

सुटलेलं पॅनल कीबोर्डवर फडकं अंथरून त्यावर उपडं ठेवा. कनेक्टरवर पारदर्शक किंवा पिवळी टेप असेल, ती अलगद सोडवा. खाली तारेची किंवा पत्र्याची छोटी कडी दिसेल. ती उचलायची आणि मगच प्लग पॅनलच्या पाठीला समांतर, सरळ मागे सरकवायचा. वर उचलायचा नाही. नवीन पॅनलला लावताना तेच उलटं: प्लग दोन्ही टोकांना सारखा आत गेला का ते नखाने बघा, कडी खाली, वरून टेप. टेप विसरलात तर झाकण उघडमिटीत प्लग हळूहळू ढिला होतो आणि महिन्याभराने स्क्रीन लुकलुकते.

नवीन पॅनल बाजूच्या कडांनी धरा. खालच्या कडेला पाठीमागे एक लांबट सर्किट पट्टी असते आणि तिथून काचेकडे कागदासारख्या पातळ फिती जातात. तिथे अंगठा दाबला गेला की चालू केल्यावर एक उभी रेघ दिसते, आणि त्यावर इलाज नाही. बदललेल्या स्क्रीनवरच्या रेघांमागे मला तरी बहुतेक वेळा हा अंगठाच सापडलाय.

सगळं चिकटवण्याआधी चाचणी. संरक्षक फिल्म तशीच ठेवा. ती काढलीत की विक्रेता पॅनल परत घेताना नाक मुरडतो. बॅटरी जोडा, चालू करा, पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं असं पूर्ण पडद्यावर बघा. डेलचा लॅपटॉप असेल तर बंद स्थितीत 'डी' दाबून पॉवर बटण दाबा, पॅनलची स्वतःची रंगचाचणी चालते. सगळं ठीक असेल तर पुन्हा बंद करून बॅटरी पुन्हा काढा, मगच पुढचं. हे दुसऱ्यांदा काढणं लोक टाळतात, आणि जे पहिल्या वेळी वाचलं ते इथे जातं.

बिजागऱ्या बघितल्याशिवाय बेझल लावू नका. स्वस्त मॉडेलांत बिजागरी इतकी घट्ट असते की झाकण उघडताना प्लॅस्टिकात रुतवलेल्या पितळेच्या नटांवर सगळा ताण येतो आणि ते उखडतात. मग झाकण पिळतं आणि नवी स्क्रीन कोपऱ्यातून तडकते. नट हलत असतील तर आधी ते इपॉक्सीने बसवा, एक रात्र वाळू द्या. बिजागरीचा नट थोडा सैल करता येत असेल तर करा.

खर्चाचं: पॅनलचा नंबर घेऊन तीन ठिकाणी विचारा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीकडे, आणि एक ऑनलाइन. 'नवीन' की 'काढलेलं' हे बिलावर लिहून घ्या. मजुरी वाचते, पण माझ्या मते खरी बचत वेगळीच आहे: मशीन घराबाहेर जात नाही. स्क्रीन तपासायला बायोसचं पान पुरतं. तरी काउंटरवर "पासवर्ड लिहून ठेवा" म्हणतात. का लिहायचा?

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. बाहेरच्या मॉनिटरला एचडीएमआयने जोडून चित्र नीट येतंय ना, हे काही मागवण्याआधी बघा. अपघाती नुकसानीचं कव्हर घेतलं असेल तर काहीच उघडू नका, आधी ते वापरा. खालचं झाकण उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा, ती टोचू किंवा दाबू नका. आधी बॅटरीचं बघा. टचस्क्रीनची काच पॅनलला चिकटलेली असेल तर अख्खी जोडणीच मागवावी लागते, काच वेगळी करायचा प्रयत्न घरी नको. मॅकबुक असेल तर वरचं सगळं विसरा, तिथे बहुधा पूर्ण झाकणच बदलतात.

आणि बाकावरचा तो शेजारी हे वाचत असेल तर: हो, चालली होती. अठरा दिवस.