गव्हाचं खरकटं

प्रिय पोरी,

नागोयाचं ट्रेनिंग पक्कं झालं, तेही चांगलं सहा महिन्यांचं, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. पण त्याच दमात ती म्हणाली, "जपान काय, भाताचाच देश. हिला कसली अडचण येणार?" म्हणून रात्री अकराला हे पत्र लिहायला बसले. तुझ्यासारखंच मलाही सिलिॲक आहे, म्हणजे गहू, जव, राय या धान्यांतलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला चालत नाही. त्याचं निदान होऊन 19 वर्षं झाली, आणि परदेशात मी सगळ्यात वाईट आजारी पडले ती या भाताच्या देशातच.

पास्ता-पिझ्झाच्या इटलीला मी भीत भीत गेले होते. तिथे 'सोनो चेलियाका', म्हणजे 'मला सिलिॲक आहे', एवढं म्हटलं की बहुतेक वेटरना पुढचं सांगावं लागत नाही. सरकार सिलिॲकच्या रुग्णांना खाण्यासाठी दरमहा मदत देतं, आणि पदार्थात ग्लुटेनवालं धान्य आहे का, हे हॉटेलवाल्यांनीही सांगायचं असा युरोपीय संघाचा कायदा आहे. जपानमध्ये ही सक्ती फक्त पाकीटबंद मालाला. हॉटेलांना नाही. आणि पाकिटावरच्या सक्तीच्या ॲलर्जी-यादीत गहू आहे, जव नाही.

तर तिथे पहिल्या संध्याकाळी मी शहाणपणाने साधा भात, भाजलेला मासा आणि थंड चहा एवढंच घेतलं. माशावर सोया सॉसचा हात फिरवलेला होता आणि चहा होता 'मुगीचा', भाजलेल्या जवाचा. उन्हाळ्यात तो पाण्यासारखा समोर येतो, कोणी विचारतही नाही. पुढचे दोन दिवस हॉटेलच्या खोलीत आणि बाथरूममध्ये गेले, त्याचं वर्णन तुला नको.

सोया सॉस म्हणजे सोयाबीन, असं आपण समजतो. नेहमीच्या जपानी शोयूत सोयाबीन आणि गहू जवळजवळ निम्मे-निम्मे असतात. 'आंबवल्यावर गहू उरतच नाही' असं तुला कोणीतरी ठामपणे सांगेल. आंबवताना प्रथिनं तुटतात हे खरं, पण ते तुकडे नेहमीच्या चाचणीत नीट मोजता येत नाहीत. ज्यांना वाद घालायचाय त्यांना घालू दे, तू खाऊ नकोस. तुझं नशीब एवढं की नागोयाच्या भागात तामारी, म्हणजे मुख्यतः सोयाबीनचाच सोया सॉस, पिढ्यान्पिढ्या बनते, आणि जवळच्या ओकाझाकीचा हात्चो मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, नुसत्या सोयाबीन-मिठाचा असतो. तामारीतही कधी थोडा गहू असतो, तेव्हा लेबल वाचून छोटी बाटली घे आणि पर्समध्ये ठेव. हॉटेलातल्या मिसो सूपवर मात्र विसंबू नकोस, तिथे बरेचदा दोन-तीन मिसो एकत्र करतात.

लेबल वाचायचं तर आधी 'मुगी'चं अक्षर डोळ्यांत बसव. कोमुगी म्हणजे गहू, ओमुगी म्हणजे जव, राइमुगी म्हणजे राय. तिन्हींत ते एकच अक्षर येतं. ते दिसलं की पाकीट परत फळीवर. तांदळाच्या पिठाचा पाव दिसला म्हणून हुरळू नकोस, फुगावा म्हणून त्यात कित्येकदा वरून गव्हाचं ग्लुटेन घातलेलं असतं. कुट्टूच्या सोबा नूडल्समध्येही बहुधा गहू मिसळतात. शंभर टक्के कुट्टूची 'जूवारी' सोबा मिळते, पण ती त्याच हॉटेलात उदोनच्या, म्हणजे गव्हाच्या नूडल्सच्या, पाण्यात उकळली तर काय उपयोग?

इथेच आपली माणसं चुकतात. 'यात गहू आहे का?' एवढंच विचारतात. तू गिरणीवर उपवासाची भाजणी दळायला गेलेली आहेस ना? आजी काय विचारायची? "आधी काय दळलं?" परदेशातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात हाच प्रश्न. तेल कुठलं, पाणी कुठलं, चिमटा कुठला. 'खरकटं' या शब्दाला जगात फारशा भाषांत जोड नसेल, पण आपल्याला तो लहानपणापासून कळतो, आणि सिलिॲकमध्ये तोच कामाला येतो. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं तर आतड्याच्या अस्तराला इजा होते, असं प्रयोगात दिसलं आहे. 50 मिलिग्रॅम म्हणजे पावाचा बारीकसा तुकडा. पोट दुखलं नाही तरी इजा होऊ शकते, म्हणून 'मला काही झालं नाही' हा पुरावा धरू नकोस. परत आलीस की टीटीजी, ती सिलिॲकची रक्ततपासणी, कर.

जपानी भाषेत एक कार्ड छापून घे. सिलिॲक हा शब्द तिथे फारसा कोणाला माहीत नाही. गव्हाची ॲलर्जी म्हण, कळतं. पण कार्डावर जव, राय, शोयू, मुगीचा आणि तळणीचं तेलसुद्धा लिही. मशीनच्या भाषांतरावर जाऊ नकोस, तुझ्या जपानीच्या बाईंकडून तपासून घे. कार्ड वाचून कोणी "चोत्तो..." म्हणत मान तिरकी केली, तर तो नकार आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, आभार मान. मला ज्यांनी हसत "हो हो, चालेल" म्हटलं त्यांनीच आजारी पाडलं.

विमानात जीएफएमएल, म्हणजे ग्लुटेन नसलेलं जेवण, सांगून ठेव. त्यात बहुधा मांस असतं आणि शाकाहारीशी त्याची जोडी सहसा लावता येत नाही. तू मासे-अंडी खातेस, तरी निम्मं सोडावं लागेल. माझ्या एका प्रवासात त्या ट्रेवर साधा मैद्याचा पाव आला होता. पिशवीत राजगिऱ्याची चिक्की असू दे. ताजी फळं, कच्चं धान्य, मांसाचं काही नेऊ नकोस, विमानतळावर काढून घेतील. इथला इलेक्ट्रिक कुकरही नको, तिथे 100 व्होल्ट असतात. पहिल्या पगारात छोटा नवा राइस कुकर घे. तो, मिठाचा मासा, उकडलेली अंडी आणि भाजलेली रताळी, एवढ्यावर मी महिना काढला आहे. मजेत नाही, पण काढला.

भारतीय हॉटेल दिसलं की जीव भांड्यात पडेल. आधी हिंगाचं विचार. आपल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, तो डाळीत पडतोच.

ऑफिसात कोणी गावाला जाऊन आलं की सगळ्यांच्या टेबलावर खाऊचं एकेक पाकीट ठेवतं. दोन्ही हातांनी घे, आभार मान, ड्रॉवरमध्ये टाक, शेजारणीला दे. बियर जवाची, तेव्हा ती नाही. साके तांदळाची.

आणि मेतकूट आईने भरलं असेल तर काढ. त्यात मूठभर गहू असतोच, तिच्या लक्षात आलेलं नसणार. मी गव्हाशिवायचं करून ठेवलंय, खलबत्त्यात कुटून, गिरणीवर नेलं नाही. गुरुवारी सहानंतर ये. डबीही नवीन आहे.

तुझी,
मावशी