ग्रहण कळतं, तरी छातीत धडधडतं

"मॅडम, वर्गात मी चंद्र-सूर्याच्या सावल्या शिकवते आणि घरी ग्रहणाला घाबरते. मी ढोंगी आहे का?"

ग्रहण जवळ आलं की हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात माझ्याकडे येतोच. विचारणारी माणसं शिकलेली असतात. न शिकलेल्यांना ही अडचण फारशी येत नाही, ते सरळ पाळतात किंवा सरळ सोडून देतात.

ही गोष्ट सांगलीतली, 2025 च्या ऑगस्टमधली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. बाई हायस्कूलला विज्ञान शिकवते. दहावीच्या पुस्तकातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा, त्यामुळे ग्रहांच्या फिरण्याचे केप्लरचे नियम तिला तोंडपाठ. सातवा महिना, त्यात गरोदरपणातली साखर निघालेली आणि इन्सुलिन चालू. 7 सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी, खग्रास चंद्रग्रहण होतं. सासूबाईंचं (ती त्यांना आत्या म्हणते) म्हणणं, दुपारी वेध (ग्रहणाआधीचा पाळणुकीचा काळ) लागले की रात्री मोक्ष होईपर्यंत, म्हणजे ग्रहण सुटेपर्यंत, पाण्याचा घोट नाही, सुरी-सुईला हात नाही, अंथरुणाला पाठ नाही.

नवऱ्याचं दुसरंच टोक. जून 2020 च्या सूर्यग्रहणात आपल्याच जिल्ह्यात, इस्लामपुरात, एका गरोदर बाईनं अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कार्यकर्त्यांसोबत भर ग्रहणात भाजी चिरली होती. ती बातमी त्यानं मोबाईलवर दाखवली आणि म्हणाला, "आपणही करायचं. व्हिडिओ काढू."

"आत्यांचं ऐकलं तर शाळेत तोंड दाखवायला नको, ह्यांचं ऐकलं तर रात्रभर झोप नको," ती म्हणाली.

इस्लामपूरच्या त्या बाईचं मला कौतुकच आहे, पण तिनं ते स्वतः ठरवून केलं होतं. घाबरलेल्या बायकोच्या हातात विळी देणं आणि घाबरलेल्या सुनेच्या हातातलं ताट काढून घेणं, यात मला फार फरक दिसत नाही. हे मी नवऱ्याला सांगितलं. त्याला आवडलं नाही.

ढोंगाचं म्हणाल तर भीती पुस्तक वाचून येत नाही, म्हणून पुस्तक वाचून जातही नाही. पाच वर्षांच्या पोरीला आजी दार-खिडक्या लावून कोपऱ्यात बसवते, तेव्हा ती भीती अंगात शिरते. केप्लर त्यानंतर दहा वर्षांनी भेटतो. दोघं एकाच माणसात राहू शकतात. ज्याच्या नियमांवरून आज ग्रहणाची वेळ काढतात, त्या न्यूटननं धर्मशास्त्रावर ढीगभर लिहून ठेवलंय. तो काही ढोंगी नव्हता.

खरी मेख वेगळीच आहे. घरात वाद 'देव की विज्ञान' असा पेटतो, पण नीट पाहिलं तर देवाचा तिथं संबंधच नसतो. आत्या ग्रहणात जप करतात, ती श्रद्धा. तिला मी हात लावत नाही आणि सुनेनंही लावू नये. पण 'ग्रहणात चिरलं की बाळाचा ओठ फाटतो' हे वाक्य वेगळ्या जातीचं आहे. अमुक केलं की तमुक होतं, असं ते सांगतं. म्हणजे तो निसर्गाचा नियम असल्याचा दावा झाला. आणि नियम म्हणून पुढे आलेली गोष्ट तपासून घ्यावी लागते, मग ती सांगणारं माणूस कितीही लाडकं असो.

तपासायला आम्ही तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. आत्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पाचव्या महिन्यातला रिपोर्ट काढला, ओठाच्या ओळीवर पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "ओठ जुळलेला आहे. आई, बाळाचा वरचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळून येतो. तेव्हा जुळला नाही तर फट राहते. एकदा जुळलेला पुढं कशानं फाटत नाही." मग कारणं सांगितली. घराण्यातला अंश, आईचं धूम्रपान, फिटवरची काही औषधं, आधीपासूनचा मधुमेह. जगात साधारण सातशेत एक बाळ असं जन्मतं. ग्रहण असो-नसो.

आत्या काहीच बोलेनात. मग उजव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवायला लागल्या. एक, दोन, तीन. पुन्हा पहिल्यापासून.

"बाई, 1980 सालचं गिराण. सोळा फेब्रुवारी. दुपारचं अंधारून आलं हुतं. मला पाचवा सरत आल्याला. जूनमदी माझी थोरली झाली. वठ फाटल्याली."

त्या दिवशी कर्नाटकात कारवारच्या खालून रायचूरकडे खग्रास पट्टा गेला होता. सांगलीत खंडग्रास, पण सूर्याचा मोठाच भाग झाकला होता. वीस वर्षांच्या या पोरीनं दुपारी विळीवर वांगी चिरली होती, कारण शेतावरनं माणसं जेवायला यायची होती. लेकीचं ऑपरेशन मिरजेत झालं, ती आज दोन मुलांची आई आहे. पण "हिनंच केलं" हे वाक्य आत्यांनी पंचेचाळीस वर्षं ऐकलं. सासूकडून, जावांकडून, आणि एकदा भर बारशात नवऱ्याकडून.

"म्हंजे पाचव्यात चिरलं, आन् वठाचं दुसऱ्यातच झाल्यालं?"

"हो."

"मग ती वांगी?"

"वांग्यांचा काही संबंध नाही, आई."

सुनेला हे काहीच माहीत नव्हतं. नणंदेच्या ओठावरचा वण तिनं पाहिला होता, विचारलं कधी नव्हतं. दवाखान्याबाहेर चहा घेताना ती मला म्हणाली, "मला वाटायचं, आत्या माझ्यावर सत्ता गाजवतायत." सत्ता गाजवणाऱ्या सासवा असतात, भरपूर असतात. या त्यातल्या नव्हत्या.

उरला उपास. इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, चक्कर येते, शुद्धही हरपू शकते. ग्रहणातला खरा धोका असेल तर हा. इथं मी पंचांगच पुढं केलं. वेध पाळायला गर्भवती, आजारी, म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना पंचांगकर्तेच सवलत देतात. ती ओळ घरोघरी वाचली जात नाही, एवढंच. आणि त्याच पानावर स्पर्श, म्हणजे ग्रहण लागण्याची वेळ, रात्री 9:57 चा छापलेला असतो, तो कित्येक महिने आधी. राहू मर्जीनं गिळत असता तर मिनिट कसं छापता आलं असतं? सावलीचं कारण आर्यभटानं 499 साली लिहून ठेवलंय. आत्यांना आर्यभटाचं काही वाटलं नाही. पंचांगातली सवलत मात्र लगेच पटली.

ठरलं ते असं. सून वेळेवर इन्सुलिन घेणार, वेळेवर जेवणार, झोपताना दूध पिणार, हवं तेव्हा आडवी होणार. भाजी चिरायची की नाही ते तिचं ती ठरवेल, व्हिडिओ कुणी काढायचा नाही. आत्या स्वतःचा उपास आणि जप करणार, सुनेच्या ताटाकडे बघणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "जेवले. धडधडलं, पण जेवले. बाराला झोपले." भाजी तिनं चिरली नाही. नवरा गच्चीवर दुर्बीण घेऊन बसला होता. आत्यांनी मोक्षानंतर आंघोळ केली आणि भल्या सकाळी थोरलीला फोन लावून तासभर बोलत बसल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर सूर्यग्रहण आहे, आपल्याकडे खंडग्रास दिसेल. त्या वेळी घरात कुणी गरोदर असेल, साखरेची किंवा बीपीची गोळी चालू असेल, तर जेवणाच्या वेळा आधीच डॉक्टरांशी बोलून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्या. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कुणीच बघायचं नाही, गरोदर असो, नसो, आस्तिक असो की नास्तिक. ग्रहणाचा चष्मा लावा, आणि तो चांगल्या ठिकाणाहून घ्या.