वडिलांची .३१५ आणि डावीकडे जाणाऱ्या गोळ्या

प्रश्न : गोव्यात सत्तरीत आमचं कुळागर (पोफळी-नारळाची बाग) आणि काजूची बागायत आहे. वडील गेल्यावर त्यांची .३१५ रायफल रीतसर माझ्या परवान्यावर आली. गेल्या महिन्यात रेंजवर ५० मीटरवरून पाच गोळ्या झाडल्या. सगळ्या डावीकडे, आणि सर्वांत लांबच्या दोन छिद्रांत ९ सेंटिमीटरचं अंतर. दर गोळीनंतर माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) सरकवत होतो, तरी जमेना. नळी गेली म्हणायची का?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : नळीला दोष देण्याआधी माशीवरचा हात काढा हो! दर गोळीला माशी हलवलीत म्हणजे ते ९ सेंटिमीटर कुणाचे, रायफलीचे की तुमचे, हे आता देवालाच ठाऊक. फौजेत आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो तेव्हा नवे पोरगे हेच करायचे.

आधी ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, मग नेम. एकाच लॉटची काडतुसं घ्या. पुढचा दस्ता वाळूच्या पिशवीवर टेका. नळी टेकवू नका, गोळी वर जाते. साफ केलेल्या नळीतली पहिली गोळी बहुधा वेगळीच पडते, ती मोजू नका. नंतरच्या पाच, मधे नळी हाताला गार लागेपर्यंत थांबून, एकाच ठिकाणी नेम धरून झाडा. गोळी कुठेही जावो, नेम तोच. मग फूटपट्टी लावा. ५० मीटरवर पाचही ५ सेंटिमीटरच्या आत आल्या तर उघड्या साइटच्या जुन्या रायफलीबद्दल माझी तक्रार नाही.

आता सरकवायचं गणित. ग्रुपचा मध्य ८ सेंटिमीटर डावीकडे आहे आणि दोन्ही साइटमधलं, म्हणजे माशी आणि मागची खाच यांमधलं, अंतर ५० सेंटिमीटर आहे असं धरा. ५० मीटर म्हणजे त्याच्या शंभरपट, म्हणून माशी ८ सेंटिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी, ०.८ मिलिमीटर हलवायची. तीही डावीकडेच! गोळी जिकडे जाते, माशी तिकडे. इथेच निम्मे लोक फसतात.

ग्रुप तरीही फाकला, तर दोन जागा बघा. एक, दस्त्याचे स्क्रू. आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, हिवाळ्यात आकसतं. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका रायफलीचा पुढचा स्क्रू नखाने फिरत होता, आणि मालक नवी नळी मागत होता. दुसरी, नळीचं तोंड. कापसाचा बोळा आतून बाहेर कडेवर फिरवा. धागा एकाच जागी अडकला तर तिथे ओरखडा आहे. तोंडाकडून गज घालून साफ करणाऱ्यांची ही देणगी. बोल्ट काढा आणि मागून साफ करा. या दोन्ही जागा ठीक असल्या तरच नळीचा संशय घ्या, आणि मग परवानाधारक आर्मररकडे जा.

हे सगळं रेंजवरच, बरं का. कुळागरात फणसाच्या झाडाला कागद लावून नको. चुकलेली गोळी किलोमीटरभर पलीकडेही जीव घेऊ शकते. आणि रायफलीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, मग पोफळीत रानडुक्कर कितीही नाचो. गवा तर आपल्या राज्याचा प्राणी.

पुढच्या खेपेला पाच छिद्रांचा कागद तारीख आणि काडतुसाचा लॉट लिहून ठेवा, आणि माशीला हात न लावता झाडलेलाच मला पाठवा.