बदललेला गुडघा पुन्हा दुखू लागला, तर?

प्रश्न : माझ्या आईचे वय ७४ असून तिचा उजवा गुडघा १४ वर्षांपूर्वी बदलला आहे. इतकी वर्षे काही तक्रार नव्हती. पण गेले आठ महिने खुर्चीतून उठताना आणि पहिली चार पावले टाकताना फार दुखते, सूजही येते. सांधा सैल झाल्यामुळे तो काढून नवा बसवावा लागेल, असे डॉक्टर म्हणतात. पहिली शस्त्रक्रिया चुकली होती का? या वयात दुसरी करावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ज्या गुडघ्याने १४ वर्षे बिनतक्रार साथ दिली, त्याची शस्त्रक्रिया चुकली होती असे मला वाटत नाही. कृत्रिम गुडघ्यात वरच्या आणि खालच्या हाडावर बसवलेल्या धातूच्या भागांमध्ये पॉलिइथिलीन या प्लास्टिकची चकती असते. ती हळूहळू झिजते. तिच्या सूक्ष्म कणांवर शरीरातील पेशी तुटून पडतात आणि त्या झटापटीत शेजारचे हाडच विरघळू लागून सांध्याची पकड सुटते. शस्त्रक्रियेत काढलेल्या अशा चकतीवरून बोट फिरवले, तर एका बाजूला पडलेला गुळगुळीत खळगा स्पष्ट लागतो. उठताना पहिल्या पावलांना होणारी वेदना ही सैल सांध्याची ओळखीची खूण आहे. एक्स-रेमध्ये सांधा हाडाला पक्का बसवणारे सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये काळी रेघ दिसते. ती रुंदावते आहे का, हे जुन्या फिल्म शेजारी ठेवल्यावरच कळते, म्हणून त्या जपून ठेवा.

मात्र दुसऱ्या शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी एका गोष्टीचा आग्रह धरा. सांध्यात जंतुसंसर्ग नाही ना, याची खात्री झालीच पाहिजे, कारण संसर्गामुळेही सांधा सैल होतो आणि त्याचे उपचार निराळे असतात. त्यासाठी ईएसआर व सीआरपी या शरीरातील दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करतात आणि सुईने सांध्यातील पाणी काढून कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का हे पाहायला, पाठवतात. हे पाणी काढण्यापूर्वी कोणाच्याही सांगण्यावरून सुजेसाठी अँटिबायोटिक सुरू करू नका. जंतू दबतात, अहवाल खोटा दिलासा देतो आणि पुढे रुग्णाचे हाल होतात. अशी उदाहरणे पाहिली आहेत, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे. संसर्ग जुना निघाला, तर बहुधा दोन टप्प्यांत काम करावे लागते : आधी सांधा काढून तेथे अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात, काही आठवडे औषधे देतात आणि संसर्ग आटोक्यात आल्यावर नवा सांधा बसवतात. खुब्याचे दुखणेही गुडघ्यात जाणवू शकते, तेव्हा खुबाही तपासून घ्यावा.

केवळ वय ७४ आहे म्हणून नाही म्हणण्याचे कारण नाही. हृदय, मूत्रपिंडे आणि साखर कशी आहे, याला अधिक महत्त्व आहे. ही शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. हाड कमी झालेले असल्याने ती पोकळी धातूच्या तुकड्यांनी भरून काढावी लागते, सांध्याला हाडाच्या पोकळीत खोल जाणारा दांडा जोडावा लागतो आणि पूर्वपदावर यायलाही जास्त काळ लागतो. म्हणून अशा शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जावे. वेदना सोसवते म्हणून वर्षानुवर्षे थांबू नये, कारण दरम्यान हाडाची झीज चालूच राहते.

जाताना पहिल्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड शोधून न्या. इम्प्लांटची, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्याची, कंपनी, प्रकार आणि माप लिहिलेले छोटे स्टिकर त्या कागदपत्रांत बहुधा चिकटवलेले असते. धातूचे भाग पक्के निघाले आणि फक्त चकतीच झिजलेली असेल, तर त्याच जोडीची चकती मागवून तेवढीच बदलता येईल का, हे त्या स्टिकरवरून ठरवता येते.