संकेतस्थळाच्या दरांत एवढी तफावत का?

प्रश्न: लक्ष्मी रस्त्यावर आमचे साड्यांचे दुकान आहे. संकेतस्थळासाठी मागवलेल्या दोन दरपत्रकांत एकाची रक्कम दुसऱ्याच्या चौपट आहे. असे का? – एक वाचक, पुणे

उत्तर: दुकानाची केवळ ओळख करून देणारे संकेतस्थळ आणि ऑनलाइन विक्री करणारे संकेतस्थळ ही दोन निराळी कामे आहेत, विक्रीसाठी पैसे स्वीकारण्याची सोय, साठ्याची नोंद, माल परत घेण्याची व्यवस्था आणि या साऱ्याची चाचणी करावी लागते, त्यामुळे कामाचे तास वाढतात. तयार साच्यावरचे काम स्वस्त पडते, आणि माझ्या मते लहान दुकानाला ते बहुधा पुरते. साड्यांची छायाचित्रे कोण काढणार, तसेच होस्टिंगचे (संकेतस्थळ इंटरनेटवर ठेवण्याच्या जागेचे) वार्षिक शुल्क आणि १८ टक्के जीएसटी दरात धरला आहे का, हे लेखी विचारावे. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा इंटरनेटवरील पत्ता, मात्र आग्रहाने स्वतःच्याच नावावर नोंदवून घ्यावे.