चांगल्या दिवसांचीच वही

"मॅडम, मी सगळं पाळते हो, तरी शुगर खाली येत नाही. घरचे म्हणतात, चोरून खात असशील." माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत मधुमेहाच्या माणसांकडून हे गाऱ्हाणं इतक्यांदा ऐकलंय की पुढचा प्रश्नही पाठ झालाय: "माझं चुकतंय तरी काय?"

लालबागच्या एका काकूंचं सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत. सुनेबरोबर आल्या होत्या. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ९ आली होती; म्हणजे सरासरी साखर साधारण २१२. आणि काकूंच्या वहीत सुवाच्य अक्षरात उपाशीपोटीचे आकडे: ११४, ११८, १०९. सून पुटपुटली, "मनानेच लिहितात." तिला मी बाहेर बसवलं. काकूंच्या पिशवीत साखर मोजायचं मशीन होतं, त्याच्या मेमरीतही तेच आकडे निघाले. काकू खोटं बोलत नव्हत्या.

मग तारखा पाहिल्या. मध्ये मध्ये चार-चार दिवस कोरे.

"इथे तपासली नाहीत?"

"आदल्या रात्री पाहुणे होते. जेवण जड झालेलं."

"आणि इथे?"

"नणंदेकडे बारसं होतं."

"मग नेमकी त्याच सकाळी बघायची ना?"

"अहो, पट्टी केवढ्याला पडते! वाईटच येणार हे माहीत असताना वाया कशाला घालवायची?"

मी हसले, मग त्याही हसल्या. खरं म्हणजे सगळी गोम इथेच होती. अभ्यास झालाय त्याच पेपरला बसायचं, असा तो प्रकार. भावनांमागचे विचार तपासायला शिकवणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस वाचून वाढलेली मी. आकड्यापेक्षा आकड्यामागचं वाक्य मला आधी ऐकू येतं. काकूंचं वाक्य होतं, 'आकडा वाईट, म्हणजे मी वाईट.' ते मनात असेपर्यंत माणूस सुईला हात लावणार कसा? त्या वाक्यावरच आम्ही बरंच काम केलं. एकदा त्या स्वतःहून म्हणाल्या, "म्हणजे दोनशे साखरेला आलेत, मला नाही!" अशा क्षणांसाठीच मी या कामात आहे.

त्यानंतरच मोजणीकडे वळलो. साखर शरीरात काय घडलं ते सांगते. आपण स्वतःची काळजी किती घेतो, हे वेगळं मोजावं लागतं. त्यासाठी टूबर्ट, हॅम्पसन आणि ग्लासगो या संशोधकांची २००० साली सुधारून आलेली एक प्रश्नावली जगभर वापरतात. तिची खुबी साधी आहे. 'करता का?' असं ती विचारत नाही, 'गेल्या सात दिवसांत किती दिवस?' असं विचारते. फरक बघा.

"चालायला जाता?"

"रोज!"

"गेल्या सात दिवसांत किती दिवस?"

काकू बोटं मोजू लागल्या. "सोमवारी पाणी उशिरा आलं... बुधवारी गुडघा... तीन दिवस."

गोळ्या सातही दिवस. पाय तपासणं शून्य. कुणी सांगितलंच नव्हतं. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते, जखम झालेली कळत नाही. म्हणून रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवावा.

पट्ट्या महाग आहेत हे मलाही मान्य. पण सगळ्या सकाळीच कशाला खर्चायच्या? गोळ्यांवर असाल तर डॉक्टरांना विचारून काही पट्ट्या जोडीने वापरा: एक रात्रीच्या जेवणाआधी, दुसरी पहिल्या घासानंतर दोन तासांनी. इन्सुलिनवाल्यांनी डॉक्टरांनी दिलेलं वेळापत्रकच पाळावं. काकूंची सकाळ बरी होती, जेवणानंतरची साखर अडीचशेच्या घरात. ते आकडे वहीत लिहिले गेले तेव्हा कुठे डॉक्टरांना औषध बदलायला आधार मिळाला. एरवी सगळं पाळणाऱ्यालाही औषध वाढवावं लागतं, आजाराची चालच तशी आहे. आणखी एक: रक्त कमी असेल तर एचबीएवनसी फसवा येऊ शकतो, तेही डॉक्टरांना विचारा.

सुनेला मी एवढंच सांगितलं की घरात पाऊल टाकल्या टाकल्या "आज किती आली?" विचारू नका. रविवारी दोघी बसून सात दिवसांचा हिशेब करा, आणि त्यात तुमच्याही चालण्याचा रकाना ठेवा. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.९ आला. ही तपासणी रक्तातल्या लाल पेशींमध्ये चिकटलेली साखर मोजते आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे आधी घाई करून उपयोग नव्हता. पहिल्या आठवड्यात सुनेचा रकाना मात्र एकवरच अडकला होता, आणि तो काकूंनी मला मुद्दाम दाखवला.