संरक्षण फोनचे की आपले?

प्रश्न : फोनमध्ये सुरक्षायंत्रणा अंगभूत असतानाही घातक प्रोग्रॅम शिरला, तर दोष वापरणाऱ्याला का द्यावा?

उत्तर : सरसकट देऊ नये. आजच्या फोनमध्ये प्रत्येक ॲप स्वतंत्र कप्प्यात चालते आणि परवानगीशिवाय त्याला दुसऱ्या ॲपची माहिती वाचता येत नाही. मात्र अनोळखी दुव्यावरून उतरवलेल्या ॲपला आपणच ‘ॲक्सेसिबिलिटी’ची (अपंग व्यक्तींना फोन वापरणे सोपे व्हावे म्हणून असलेल्या सोयीची) परवानगी दिली, तर पडद्यावरचा मजकूर वाचण्याची आणि आपल्या वतीने बटणे दाबण्याची मुभा त्याला मिळते, व तिथे कप्प्याची भिंत फारशी उपयोगी पडत नाही. कुलूप भक्कम असले तरी किल्ली आपणच दिलेली असते.

अपडेटचे उदाहरण अधिक बोलके आहे. मे २०१७ मध्ये पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या, फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने विंडोजमधील ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, ती न बसवलेले असंख्य संगणक बळी पडले. (विंडोज एक्सपीसारख्या जुन्या आवृत्त्यांना मात्र ती हल्ल्यानंतरच खुली झाली, हेही नोंदवायला हवे.)

याउलट ‘पेगासस’सारखी हेरप्रणाली कोणत्याही दुव्याला स्पर्श न करताही फोनमध्ये शिरू शकते. तिथे वापरणाऱ्याला जबाबदार धरणे मला अन्यायाचे वाटते. उपकरण विकून लवकरच त्याचे सुरक्षा अपडेट थांबवणाऱ्या उत्पादकांच्या बाबतीतही हाच न्याय लावावा : दोष त्यांचा, वापरणाऱ्याचा नव्हे.